आवाज नव्हे, आवई

किर्ती : बंद कर! मामा, बंद कर तो फोन! आत्ताच्या आत्ता!

मामा : अगं हो हो, थांब... हे बटन कुठलं... झालं, झालं बंद. किर्ते, ऊठ गं. टेबलाखाली काय शिरलीस लहान पोरीसारखी?

किर्ती : मी नाही शिरले. पाय आपोआप गेले.

आई : काय झालं? काय फुटलं? दादा, कसला भोंगा होता तो? ती शेजारची गंगू दारात येऊन उभी राहिलीय, सिलेंडर फुटला का विचारतेय. काही नाही गं गंगू! दादाचा मोबाईल होता! जा तू!

मामा : उद्याच्या सभेसाठी आणलाय. तिकडचा सायरन आहे, अस्सल. बेलवलीच्या तरुण संघातल्या पुष्करने काढून दिला नेटवरून. म्हटलं किर्तीला एकदा ऐकवावा, असाच वाजतो का विचारावं.

किर्ती : असाच वाजतो. झाली खात्री?

आई : अगं बाई, बाहेर ये तिथून! पाणी पी आधी. दादा, साठी बुद्धी नाठी म्हणतात ते काय उगाच नाही. पोरगी हैफातून जीव मुठीत धरून आली आणि तू तिला घरात बसून सायरन ऐकवतोस?

मामा : माले, तूच म्हणालीस ना, तिची साक्ष ठेव सभेत? मग साक्ष म्हणजे काय नुसतं 'प्रभूची स्तुती असो' आणि खाली बस? लोकांना कळायला नको? असं बघ किर्ते, हॉलमधले दिवे घालवायचे. मग हा सायरन. लोक एकदम चिडीचूप. मग दिवे लागतात, आणि स्टेजवर तू. म्हणायचं, 'मी हा आवाज माझ्या कानांनी ऐकलाय.' मग मी नकाशा उघडतो.

किर्ती : मी नाही येणार.

मामा : काय?

किर्ती : नाही येणार म्हटलं. सभेला नाही, स्टेजवर तर नाहीच नाही.

मामा : अगं, बॅनर छापून झालाय! तुझं नाव आहे त्याच्यावर. 'हैफा येथून आलेल्या भगिनी किर्ती.' बदलापूर वेस्टला स्टेशनबाहेर लागलाय, चर्चच्या पाळकसाहेबांनी स्वतः उभं राहून लावून घेतला.

किर्ती : मग त्यांनाच उभं राहू दे स्टेजवर.

आई : किर्ते, पाळकांबद्दल असं बोलू नये.

किर्ती : आई, मी इथे पप्पांच्या कबरीवर दगड बसवायला आले. सुट्टी काढून. तो बसला, प्रार्थना झाली, सगळं छान झालं. पुढच्या आठवड्यात माझं विमान आहे. ह्याच्यात स्टेज कुठून आलं मधेच?

मामा : देवाने आणलं. तुला काय वाटतं, तू तुझ्या मर्जीने गेलीस तिकडे? बुवापाड्यातली पोर, आख्ख्या जगातून नेमकी यहुद्यांच्या देशात म्हातारी सांभाळायला जाते, आणि नेमकी तेव्हाच तिथे लढाई पेटते. ह्याला योगायोग म्हणतेस तू? शास्त्रात लिहिलंय ते तुझ्या डोळ्यांसमोर घडलं! आमच्यासारख्यांची आख्खी हयात गेली वाट बघण्यात.

किर्ती : मी एजंटने जिथे पाठवलं तिथे गेले, मामा. त्याच्याकडे दुबई पण होती. दुबईवाल्याने कपडे धुणं, स्वयंपाक, तीन पोरं, सगळं सांगितलं. हैफात फक्त एक म्हातारी होती.

आई : हाना.

किर्ती : हो, हाना आजी.

मामा : बघ! बायबलातली हन्ना! शमुवेलाची आई!

किर्ती : तिला मुलगा नाहीये. एक मुलगी आहे, ओरली, बँकेत आहे. मामा, तू प्रत्येक गोष्टीत काहीतरी शोधू नकोस ना यार. एक बाई आहे ती. गुडघे गेलेत, गोड खायला बंदी आहे, आणि मी नसले की चोरून खाते.

मामा : बरं, तिचं राहू दे. हा नकाशा बघ. रात्रंदिवस बसून केलाय. हा उत्तरेचा राजा, हा बाण. हा पूर्वेकडचा, हा बाण. आणि हे मधोमध...

किर्ती : इथे व्हाइटनर लावलाय.

मामा : ते... ते चुकलं होतं थोडं.

किर्ती : खाली 'रशिया' दिसतंय अजून. आणि त्याच्या खाली इराक. मामा, मी पाचवीत होते तेव्हाही हाच नकाशा होता. तू आमच्या संडे स्कूलला दाखवला होतास. मी घरी येऊन परीक्षेचा अभ्यासच केला नाही, म्हटलं जगाचा शेवट येणार तर कशाला. आणि पप्पांचा मार खाल्ला.

आई : हो गं, खाल्लास खरा. मलाही बोलले ते. म्हणाले, 'तुझ्या भावाने जग बुडवलं, पण वार्षिक परीक्षा काही बुडत नाही.'

मामा : भावजी थट्टेखोर होते.

किर्ती : पप्पा सांगायचे, एकाहत्तरच्या लढाईत आजोबांनी खिडक्यांना काळे कागद लावले, ते लढाई संपली तरी काढले नाहीत. म्हणायचे, आता थेट प्रभू येईल तेव्हाच काढू. आजीने एक दिवस वैतागून सगळे फाडले. म्हणाली, मला तांदळातले खडे दिसत नाहीत.

मामा : हसा. प्रलयाआधी नोहालाही लोक हसतच होते.

किर्ती : मी हसत नाहीये. मला सांग, तू कधी थांबणार? कोविड आला तेव्हा म्हणालास शेवट. युक्रेन झालं, शेवट. आता हे. दर वेळी कोणाचं तरी घर पडतं आणि तू इथे बाण काढतोस.

मामा : मग काय, खोटं आहे शास्त्र? राष्ट्रावर राष्ट्र उठेल, हे मी लिहिलं? दुष्काळ, भूकंप, लढाया, हे सगळं प्रभूने स्वतःच्या तोंडाने सांगितलंय, शिष्यांना, डोंगरावर बसून. हा बघ बॅनर, ह्याचा दुसरा पीस स्टेजमागे लावायचाय. मोठ्या अक्षरात घेतलंय. धर ते टोक. वाच.

किर्ती : 'लढाया आणि लढायांचे आवाज तुम्ही ऐकाल.'

मामा : आवाज! म्हणून तर सायरन. आलं लक्षात? वचनातच आहे, आवाज ऐकाल म्हणून. कानाने ऐकायची गोष्ट आहे ही.

किर्ती : थांब. हे असं नाहीये.

मामा : काय असं नाहीये?

किर्ती : पप्पा रोज संध्याकाळी मोठ्याने वाचायचे. हा अध्याय मला पाठ आहे. आवाज नव्हतं. दुसराच शब्द होता... आवया. हां. लढायांच्या आवया.

मामा : तेच ते. आवया म्हणजे आवाज. जुनं मराठी. मलाही आधी वाटलं होतं तसंच ठेवावं, पण उल्हासनगरला कॅम्प तीनला ज्याच्याकडे छापायला दिला, तो कॉम्प्युटरवरचा सिंधी पोरगा म्हणाला, 'साईं, ये आवया क्या है? स्पेलिंग मिस्टेक लगता है.' मी म्हटलं, आवाजच आहे ते, कर नीट. आजच्या पिढीला कळायला हवं.

आई : आवया म्हणजे आवाज कधीपासून झालं रे दादा?

मामा : म्हणजे?

आई : आवई म्हणजे आवई. कोणीतरी काहीतरी उठवून देतं, मग ते ह्या दारातून त्या दारात फिरतं. खरं-खोटं कुणाला ठाऊक नसतं. आपली माय म्हणायची नाही का, 'गावात आवई उठली नि म्हातारी मरायच्या आधीच गाव रडलं.' एक आवई, दोन आवया. ह्यात आवाज कुठला आलाय?

किर्ती : अफवा!

आई : हां, अफवा म्हण.

किर्ती : मामा! लढाया आणि लढायांच्या अफवा. तू कसलं काय छापलंयस!

मामा : असं... असं कसं. चाळीस वर्षं वाचतोय मी.

किर्ती : आणि पुढे काय आहे? बोल ना, तुला तर तोंडपाठ आहे. त्याच ओळीत पुढे.

मामा : ...घाबरू नका.

किर्ती : आणि?

मामा : असं होणं अवश्य आहे. पण... एवढ्यात शेवट नाही.

किर्ती : 'एवढ्यात शेवट नाही.' हे का नाही छापलंस? जागा संपली बॅनरवरची?

मामा : किर्ते, जीभ सांभाळ.

किर्ती : नाही सांभाळणार आज. प्रभू सांगतोय, अफवा येतील, घाबरू नका. आणि तू काय करतोस? दिवे घालवून, सायरन लावून घाबरवतोस! आया-बायांना, पोरांना! मी पाचवीत असताना घाबरवलंस तसं!

आई : हळू बोल गं, गंगू ऐकते.

किर्ती : ऐकू दे. आणि आई, आवईचं निघालंच आहे तर तू पण सांग. मंडळीत सगळ्यांना कोण सांगत सुटलंय की मी कायमची परत आले? परवा उपासनेनंतर गयाबाईने माझा हात धरला. म्हणाली, 'बरं केलंस बाई, परत जाऊ नकोस, तुझ्या आईने सांगितलं सगळं.' काय सगळं सांगितलंस तू?

आई : मी? मी कशाला सांगू? लोकांना काय, उचलली जीभ लावली टाळ्याला.

किर्ती : आई.

आई : अगं, बोलता बोलता निघालं असेल. मी आपलं म्हटलं, आता काही जात नाही बहुतेक. बहुतेक म्हटलं मी.

मामा : माले, मला तर तू म्हणालीस पक्कं ठरलंय. म्हणून मी पाळकांना सांगितलं, सभेत तिच्यावर हात ठेवून प्रार्थना करू, की प्रभूने तिला जळत्या सोदोमातून लोटासारखं ओढून आणलं.

किर्ती : हे पण ठरलं होतं? स्टेजवर? हजार लोकांसमोर माझ्या डोक्यावर हात ठेवणार, म्हणजे मग मी जाऊच शकणार नाही. गेले तर देवाच्या विरुद्ध गेले. वा! काय डोकं आहे आई तुझं.

आई : मग काय करू? सांग ना! तुला मी ओरडून सांगितलं, रडून सांगितलं, जेवले नाही एक दिवस, तरी तू बॅग भरतेच आहेस. म्हटलं माझं नाही ऐकत तर देवाचं तरी ऐकेल.

किर्ती : देवाचं नाव घेऊन स्वतःचंच म्हणणं पुढे केलंस. हीच ती आवई, आई. हीच. आणि मला एक सांग. आज सकाळी ओरलीचा मेसेज आलाय. 'तुझी इथली बॅग कुरिअरने पाठवू का?' मला वाटलं ट्रान्सलेशनमध्ये काहीतरी गडबड झाली. ती माझी बॅग का पाठवेल? पुढच्या आठवड्यात मीच जातेय. आई, इकडे बघ. तू बोललीस का तिच्याशी?

आई : तू आंघोळीला गेली होतीस. फोन वाजत होता.

किर्ती : काय बोललीस?

आई : मला कुठे येतं इंग्लिश. मी म्हटलं, 'किर्ती नो कमिंग. वॉर. बायबल से, एंड.'

मामा : अरे देवा.

आई : ती काहीतरी खूप बोलली, मग थँक यू म्हणाली. चांगली आहे गं बाई, मला 'ममा किर्ती' म्हणाली.

किर्ती : आई, ती दुसरी बाई बघेल! हाना आजी दुसऱ्या कुणाच्या हातचं खात नाही. पहिले सहा महिने माझ्या हातचं पण खात नव्हती, ताट ढकलून द्यायची. कोणी नवीन आली की ती जेवणच बंद करते. तू काय केलंस हे!

मामा : किर्ते, रागावू नकोस आईवर. काळजीपोटी केलं तिने. आणि अगदी चूक तरी काय त्यात? तिथे बॉम्ब पडतायत. शास्त्र म्हणतं, त्या वेळी डोंगराकडे पळून जा. पळायचं सोडून तू उलट आत जायला निघालीस.

किर्ती : तिला डोंगराकडे पळता येत नाही. तिला जिन्यापर्यंत येता येत नाही.

मामा : जिन्यापर्यंत?

किर्ती : साक्ष हवी आहे ना तुला? घे. त्या बिल्डिंगला तळघर नाही. सायरन वाजला की जिन्यात बसायचं, तिथल्या भिंती जाड असतात म्हणून. हाना आजीला मी एका बाजूने धरायचे आणि दुसऱ्या बाजूने खालची नादिया. ती धावत वर यायची, लोक वरून खाली पळत असताना. नादिया अरब आहे.

मामा : अरब?

किर्ती : अरब. आणि ख्रिस्ती.

मामा : अरब आणि ख्रिस्ती?

किर्ती : तुझ्या-माझ्या आधीपासूनची. आपले नगरकडचे वाडवडील येशूचं नाव ऐकायच्या कितीतरी आधी तिच्या घराण्यात बाप्तिस्मा झालाय. तर आम्ही तिघी पायरीवर. यहुदी म्हातारी, अरब नादिया आणि मी बुवापाड्याची. पहिल्यांदा मी घाबरून पप्पांचं स्तोत्र म्हणायला लागले, ते डोंगरांकडे डोळे लावायचं. मराठीतून. आजीने विचारलं काय म्हणतेस, मी सांगितलं. तर तिने तेच तिच्या भाषेत सुरू केलं. मग नादियाने तिच्या. मामा, तिघींना तेच पाठ होतं.

आई : हे तू मला सांगितलं नाहीस.

किर्ती : तू विचारलंच नाहीस. तू फक्त 'परत ये' म्हणत होतीस.

मामा : अगं पण हीच तर साक्ष आहे! हेच सांग उद्या! देवाने राखलं तुम्हाला!

किर्ती : आम्हाला राखलं. समोरच्या गल्लीत घड्याळं दुरुस्त करणारा एक म्हातारा होता, रोज मला हात करायचा. त्याला नाही राखलं. त्याची साक्ष कोण देणार? नादियाच्या मावशीचं घर गाझात होतं. होतं म्हणतेय मी. ती मावशी कुणाच्या बाणाखाली आली? आणि पलीकडे इराणात ज्यांच्यावर हैफाच्या बाजूने बॉम्ब पडले, तिथेही कोणीतरी म्हातारीला धरून जिन्यात बसलंच असेल ना? तुझ्या नकाशात मला तो जिना दाखव. बघ, तुझा हा लाल बाण बरोब्बर नादियाच्या घरावरून गेलाय.

मामा : मी बाण देशांवर काढलेत, माणसांवर नाही.

किर्ती : देशांमध्ये काय असतं मग? तू तीस वर्षं फॅक्टरीत काडतुसांची पितळी कवचं केलीस. ती कुठे कुठे गेली, त्याचा बाण काढलास कधी?

आई : किर्ते! मामा आहे तो तुझा!

मामा : बोलू दे तिला. ...मी देशासाठी केलं, पोरी.

किर्ती : माहितीये. सगळे देशासाठीच करतात. मी तुला वाईट म्हणत नाहीये. एवढंच म्हणतेय की तुला भोंगा म्हणजे डबा खायची सुट्टी. मला तसा नाही राहिला. म्हणून तो मला वाजवून दाखवू नकोस.

मामा : तीस वर्षं भोंग्यावर उठलो, भोंग्यावर जेवलो. शेवटचा भोंगा झाला की गेटवर तुझी मामी उभी असायची, भाजीची पिशवी घेऊन. रोज. मग कोविडमध्ये गेली ती. मला तोंड बघू दिलं नाही. प्लॅस्टिकमध्ये बांधून नेलं, लांबून दाखवलं, म्हणाले हीच तुमची. मी कसं ओळखू?

आई : दादा...

मामा : तू विचारतेस कधी थांबणार. मला शेवट हवाय गं, किर्ते. तुम्हाला भीती वाटते, मला नाही वाटत. तो आला की ती भेटेल. म्हणून मी रोज बातम्या लावतो, म्हणतो, झालं बहुतेक, आता शेवटचा भोंगा. मी काय लोकांचं मरण मागतो? मी माझी सुट्टी मागतोय.

किर्ती : मामा. ये, बस इथे. तू हे का नाही सांगत कधी? सभेत सांग ना हे. मी येईन ऐकायला. शप्पथ.

मामा : हे काय सांगायचं असतं होय?

किर्ती : हेच सांगायचं असतं. आजोबांनी तुझं नाव शांतवन ठेवलं. शांतवन म्हणजे धीर देणं. आणि तू सायरन घेऊन फिरतोस.

आई : ते मात्र खरं बोलली.

मामा : पण मी मागे नाही हटणार, सांगून ठेवतो. येणार आहे तो. हे तू मला पुसायला लावू नकोस.

किर्ती : येऊ दे ना! मी कुठे अडवलंय त्याला? माझाही विश्वास आहे, येणार म्हणून. पण कधी ते कोणालाच माहीत नाही, त्याने स्वतःच सांगितलंय. आणि तू त्या अध्यायात लढायांपाशीच थांबतोस. पुढचं पान उलटतच नाहीस. शेवटी शेवटी काय आहे त्याच्यात? मालक बाहेर गेलाय, आणि घरातला एक चाकर...

मामा : ...घरच्यांना वेळेवर खायला देतो.

किर्ती : मालक येईल तेव्हा जो तेच करताना सापडेल, तो धन्य. आकाशाकडे टक लावून बसलेला नाही, नकाशा काढणारा नाही. वेळेवर ताट वाढणारा. मग माझं काय चुकलं सांग! उद्या तो आला तर मी त्या म्हातारीला सूप भरवत असेन. मला तिथेच गाठ म्हणावं. मी पळणार नाही, लपणार नाही, आणि तिची वाटी अर्धी ठेवून उठणारही नाही.

आई : आणि तो यायच्या आधी बॉम्ब आला तर?

किर्ती : ...तर आला.

आई : 'तर आला' म्हणते! बोलायला सोपं आहे तुम्हाला. घाबरू नका, घाबरू नका. सांगणाऱ्याला काय, त्याला लेक नव्हती.

मामा : माले!

आई : काय चुकीचं बोलले? त्याची आई होती ना? तिला विचार, वधस्तंभाखाली उभी होती तेव्हा घाबरली होती का नाही ते. पुस्तकात तिचं कुणी लिहून ठेवलं नाही. पण मी सांगते, पाय लटपटत असतील तिचे.

किर्ती : पण उभी होती ना, आई? पळाली नाही. बाकी सगळे पळाले.

आई : तू ना, अगदी बापावर गेलीस. बोलण्यात ऐकणार नाही कुणाला. ...ती हाना, दुसरीच्या हातचं खरंच नाही खात?

किर्ती : ताट ढकलून देते.

आई : म्हणजे माझ्यामुळे उपाशी आहे का ती?

किर्ती : माहीत नाही. नादिया जात असेल वर, थोडंफार भरवत असेल.

आई : लाव फोन.

किर्ती : कुणाला?

आई : त्या ओरलीला लाव. मी बोलले, मीच निस्तरते. बघतोस काय दादा? तू तोवर त्या बॅनरवर पांढरा कागद चिकटव आणि नीट शब्द लिही. डिंक त्या फळीवर आहे. आणि पुढची ओळ पण लिही, घाबरू नका वाली. जागा नसेल तर तुझं नाव खोड.

मामा : माझं नाव कशाला? आणि स्टेशनबाहेरच्याचं काय?

आई : पहाटेच्या गाडीने जाशील. व्हाइटनर आहेच तुझ्याकडे.

किर्ती : आणि सायरन?

मामा : काढला. हा बघ, काढून टाकला. दिवे पण नाही घालवणार. पण किर्ते, तू येशील ना? त्या जिन्याचं सांगशील?

किर्ती : नादियाचं सांगितलेलं चालेल पाळकांना?

मामा : नाही चालायचं. कुरकुरतील. मी बघतो त्यांना.

किर्ती : मग येते.

(फोन स्पीकरवर आहे. पलीकडे रिंग वाजते आणि कोणीतरी उचलतं.)

आई : हॅलो? ओरली मॅडम? आय किर्ती मदर. येस, येस, ममा किर्ती. ऐका ना, मॅडम, किर्ती कमिंग. येस! कमिंग! ते मी आधी बोलले ना... अगं किर्ते, आवईला काय म्हणतात त्यांच्यात?

किर्ती : शमुआ.

मामा : शमुवेलसारखं?

आई : दादा, तू गप, डिंक लाव! मॅडम, दॅट टाइम आय टॉक, ऑल शमुआ. शमुआ! सॉरी, मॅडम, व्हेरी सॉरी. ...काय झालं? हसतेय का रडतेय ती?

किर्ती : दोन्ही. थांब, हाना आजीने फोन घेतला तिच्या हातातून. तुलाच काहीतरी विचारतेय.

आई : मला? काय?

किर्ती : विचारतेय, तू घाबरली नाहीस ना.

आई : सांग तिला, घाबरलेय म्हणावं. घाबरलेय आणि पाठवतेय.